खरवडलेला दिवस

आज ऑगस्टचा पहिला सोमवार,
हंसाचं मांस खाल्लं तर माणूस मरतो म्हणतात.
मठात वाटाण्याची पेज शिजते,
ती सगळ्या वारी सारखीच लागते.
हंसाचं पीस मात्र हातात आहे माझ्या. ते चालतं.

चाळीस वर्षं मी दिवस उतरवते आहे.
प्रत्येक महिन्याच्या पानावर दोन घातवार,
समासात शेंदरानं काढलेलं एक बारीक अक्षर.
त्या दिवशी नस उघडू नये,
नदी ओलांडू नये,
लग्न लावू नये, नवी गाय दावणीला बांधू नये.
जन्मू नये असंही आहे,
पण ते वाचून कोण येतं?

मी आले बावीस जुलैला.
संत मग्दालेनेचा सण, आणि शेजारी ती शेंदरी खूण;
जशा एका खाटेवर दोघी बहिणी
भांडून, पाठीला पाठ लावून निजलेल्या.

त्याच आठवड्यात बापाची नाव उलटली.
मोझेल नदीनं सतरा पोती मीठ प्यायलं.
नदीला पूर होता, हे कोणी बोललं नाही.
बोलले ते एवढंच: पांढऱ्या पायाची.
सातव्या वर्षी मला मठाच्या फाटकाशी आणून सोडलं,
सोबत मेणाची एक ढेप आणि एक मेंढी.
मेंढी सगळ्यांना आवडली.

भगिनी इर्मेनगार्ड अक्षरं शिकवायची.
विचारलं तिला, हे दिवस आले कुठून?
म्हणाली, मिसर देशातून.
फारोवर देवानं पीडा धाडल्या, त्यांचे हे दिवस.
मी बोटं मोजली. पीडा दहा. दिवस चोवीस.
"मग उरलेल्या चौदा?"
"त्या मोशेनं लिहिल्या नाहीत," ती म्हणाली,
आणि मला दोन दिवस कोंड्याच्या भाकरीवर ठेवलं.

खालच्या काठच्या ब्रेमहाइम गावासाठी
एक पोथी हवी होती. तेव्हा माझी पंचेचाळिशी.
जुलैचं पान कातड्याच्या केसाळ बाजूवर आलं,
जिथे वासराच्या अंगावरचे ठिपके अजून दिसतात.
तेरा तारखेला खूण केली.
बाविसालाही केली, नीट, वाळू दिली.
मग चाकू घेतला.

कातडं कुरकुरलं.
शेंदराची चिमूटभर भुकटी बाहीवर पडली,
फुंकर मारली, उडाली.
जागा जरा खडबडीत राहिली,
बोट फिरवलं तर कळेल अशी.
मी पापकबुलीत खोकला सांगितला,
प्रार्थनेतली डुलकी सांगितली. हे नाही.

पुढे कानावर आलं: ब्रेमहाइमच्या न्हाव्यानं
त्याच तारखेला एका म्हाताऱ्याची नस उघडली,
आणि रक्त थांबेना.
तो म्हातारा माझ्या पदरी आहे.
रोज रात्री त्याच्यासाठी एक प्रार्थना जादा म्हणते,
नाव माहीत नाही, म्हणून तारीख घेते.

परवा फाटकाशी ईल मासे विकायला एक पोरगी आली.
कुनिझा नाव. बारा वर्षांची, पुढचा एक दात अर्धा,
बडबड अशी, की टोपलीतले मासे वळवळायचे थांबले.
तिचा जन्म मग्दालेनेच्या दिवशीचा, तीच म्हणाली.
"त्याच रात्री आमचा गोठा जळला,
दोन बैल गेले!"
माझ्या हातातला तराजू हलला.
"मग? लोक काय म्हणाले?"

"काय म्हणणार?" पोरगी म्हणाली.
"दिवा कलंडला होता."

आणि मग, मी वजनात तिला फसवते आहे
असं वाटून,
तिनं पारड्यातला एक ईल परत काढून घेतला.